काचबिंदूचे जेनेरिक थेंब आणि दरमहाचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळे आल्यावर आठवडाभर घालायच्या थेंबांचा खर्च कुणी फारसा मोजत नाही. काचबिंदूचे, म्हणजे बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस खराब होत जाण्याच्या आजाराचे, तसे नसते. एकदा निदान झाले की थेंब बहुधा आयुष्यभर घालावे लागतात, बाटली दर महिन्याला नवी लागते, आणि घरात निवृत्तिवेतनावर जगणारे दोघेही रुग्ण असतील तर हा खर्च किराण्याच्या यादीत जाऊन बसतो. पुढील प्रश्न मुख्यतः अशा रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या नेत्रतज्ज्ञांशी बोलणे आवश्यक आहे.

जेनेरिक थेंब म्हणजे नेमके काय?

औषधाचा मूळ घटक, त्याचे प्रमाण आणि वापरण्याचा मार्ग तोच. मात्र मूळ संशोधक कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध म्हणजे जेनेरिक. काचबिंदूची नेहमीची बहुतेक औषधे आता जुनी झाली आहेत. टिमोलॉल अमेरिकेत १९७८ साली बाजारात आले, लॅटानोप्रोस्ट १९९६ साली. त्यांची पेटंटे केव्हाच संपली असल्यामुळे भारतात अनेक कंपन्या ती बनवतात. आपल्या चिठ्ठीवर एखादे आकर्षक ब्रँडनाव असले तरी बहुतेक वेळा ते याच जुन्या औषधाला एखाद्या कंपनीने दिलेले नाव असते. म्हणून ‘ब्रँडेड घ्यावे की जेनेरिक’ या वादापेक्षा ‘हाच घटक, याच प्रमाणात, कमी किमतीत कुठे मिळेल’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

बचत नेमकी कशात करता येते?

तीन गोष्टींत: औषधाच्या नावात, ते घेण्याच्या ठिकाणात आणि वाया जाणाऱ्या थेंबांत. चौथी गोष्ट म्हणजे डोस, आणि तिला मात्र हात लावायचा नाही. काचबिंदूत गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंब उरलेली दृष्टी राखण्यासाठी असतात. डोळ्याचा दाब वाढला तरी बहुतेकांना दुखत नाही, लाली येत नाही आणि दिसण्यातही लगेच फरक जाणवत नाही, त्यामुळे एक दिवसाआड थेंब घालून बाटली दोन महिने पुरवण्याचा मोह होतो. ‘काही त्रास तर होत नाही’ हे वाक्य या आजारात सर्वांत फसवे आहे.

चिठ्ठीवर ब्रँडचे नाव आहे. मेडिकलवाला त्याऐवजी स्वस्त थेंब देऊ शकतो का?

औषधविषयक नियमांनुसार, चिठ्ठीवरच मिळणाऱ्या अनुसूची ‘एच’मधील औषधाच्या बाबतीत डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध, त्यात तोच घटक असला तरी, औषधविक्रेत्याने परस्पर देऊ नये. त्यामुळे काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो. बदल चिठ्ठीवरच व्हायला हवा, आणि ते काम दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी करायचे असते.

डॉक्टरांकडे हा विषय कसा काढावा? त्यांना वाईट वाटेल असे वाटते.

बहुतेक डॉक्टरांना वाईट वाटत नाही. उलट रुग्ण परवडत नाही म्हणून गुपचूप थेंब बंद करतो आणि सहा महिन्यांनी वाढलेला दाब घेऊन येतो, याचे त्यांना अधिक वाईट वाटते. सरळ सांगावे: “डॉक्टर, हे थेंब कायम घालायचे आहेत आणि महिन्याचा एवढा खर्च मला झेपत नाही. औषधाचे मूळ नाव आणि प्रमाण लिहून द्याल का, म्हणजे मी सरकारी जनऔषधी केंद्रातून घेईन?” महिन्याला किती रुपये झेपतील तो आकडाही सांगावा, कारण त्यावरून डॉक्टरांना औषध निवडता येते.

डॉक्टरांनी औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या आचारसंहितेत नमूद केले होते. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याविषयी अधिक कडक नियमावली काढली. परंतु त्याच ऑगस्ट महिन्यात ती स्थगित झाली. तेव्हा मूळ नाव लिहून मागणे हे रुग्णाने संकोच न बाळगता करण्याचे काम आहे.

बाटलीवर नेमके काय वाचावे?

खोका हातात घेऊन ब्रँडनावाजवळची ओळ शोधावी. उदाहरणार्थ, ‘लॅटानोप्रोस्ट ऑप्थॅल्मिक सोल्यूशन आय. पी. ०.००५ टक्के’ (‘आय. पी.’ म्हणजे भारतीय औषधसंहितेनुसार). दुसऱ्या कंपनीच्या खोक्यावर याच जागी ‘५० मायक्रोग्रॅम प्रति मिली’ असे छापलेले असू शकते. ही दोन्ही प्रमाणे एकच आहेत, फक्त मांडण्याची पद्धत निराळी. टिमोलॉल मात्र ०.२५ टक्के आणि ०.५ टक्के अशा दोन प्रमाणांत मिळते आणि ती दोन वेगळी औषधे समजावीत. घटकाचे मूळ नाव ब्रँडनावापेक्षा ठळक छापण्याचा नियम २०१८ पासून लागू आहे, त्यामुळे ते शोधणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

त्यानंतर मिली पाहावे. एका कंपनीची बाटली २.५ मिलीची आणि दुसरीची ३ मिलीची असेल, तर बाटलीची किंमत नव्हे तर १ मिलीची किंमत ताडून पाहायला हवी. शेवटी मुदतीची तारीख, साठवणुकीचे तापमान आणि उघडल्यानंतर किती दिवसांत संपवायचे हे वाचावे. घटकाच्या नावापुढे दुसरे नाव जोडलेले असेल, उदाहरणार्थ लॅटानोप्रोस्टच्या जोडीला टिमोलॉल, तर ते वेगळे औषध आहे. घाईत होणारी सर्वांत धोकादायक चूक हीच.

जनऔषधी केंद्रात डोळ्यांचे थेंब मिळतात का?

मिळतात. स्वस्त जेनेरिक औषधे विकण्याची केंद्र सरकारची जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली, आता ती प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना या नावाने चालते आणि महाराष्ट्रातील शहरांत व अनेक तालुक्यांच्या गावी तिची केंद्रे आहेत. टिमोलॉल, जिवाणूंच्या संसर्गावरचे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, डोळ्यांच्या कोरडेपणासाठीचे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असे अनेक थेंब तिच्या यादीत आहेत. बाजारातील नामांकित ब्रँडच्या तुलनेत किंमत बहुधा निम्म्याहून कमी असते.

अडचण असते ती साठ्याची. यादीत असलेले औषध त्या दिवशी त्या केंद्रात असेलच असे नाही. ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल अ‍ॅपवर औषधाचे मूळ नाव टाकून किंमत आणि जवळची केंद्रे पाहता येतात; तरीही निघण्यापूर्वी केंद्रात फोन करणे बरे. बाटली संपण्याच्या दिवशी नव्हे, तर आठ-दहा दिवस आधी जावे. आज नसलेले औषध केंद्रचालक मागवून देऊ शकतात, पण त्याला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात थेंबांत खंड पडता कामा नये. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारातील ‘अमृत’ औषध दुकानांतही चौकशी करावी.

मेडिकलमध्ये ‘जेनेरिक’ म्हणून जे दिले त्यावरही एमआरपी जवळपास तेवढीच होती. असे कसे?

हा अनुभव अनेकांना येतो आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काही कंपन्या वैद्यकीय प्रतिनिधींमार्फत डॉक्टरांकडे प्रचार न करता माल थेट विक्रेत्यांना देतात. विक्रेत्याला तो खूप कमी दरात पडतो. परंतु खोक्यावर छापलेली कमाल किंमत ब्रँडेड औषधाच्या जवळपास असते. मधला फरक कुणाच्या खिशात जायचा ते विक्रेत्याच्या मर्जीवर राहते. काही विक्रेते निम्म्या किमतीत देतात, काही दहा टक्के सवलत देऊन उपकार केल्यासारखे वागतात. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, तिच्याखाली विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. चिठ्ठीवर मूळ नाव असेल तर दोन-तीन दुकानांत भाव विचारावा, आणि जिथे प्रामाणिकपणे सांगतात तिथे दर महिन्याला जावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅच क्रमांक असतो.

सरकार या थेंबांच्या किमती ठरवते का?

काहींच्या. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतील औषधांना औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार कमाल किंमत लागू होते. टिमोलॉल या यादीत आहे आणि २०२२ च्या सुधारणेत लॅटानोप्रोस्टचाही समावेश झाला. बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या विक्रेत्यांना पडणाऱ्या दरांची सरासरी काढून आणि तीत १६ टक्के विक्रेता-नफा मिळवून ही कमाल किंमत ठरते. सरासरी ही महागड्या ब्रँडनाही धरून असल्यामुळे कमाल किंमत म्हणजे स्वस्त किंमत असे समजू नये. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी स्वतः ठरवते, मात्र वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या सुविधेवर एकाच घटकाच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या किमती शेजारी शेजारी पाहता येतात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी ती यादी पाहून गेल्यास बोलणे सोपे होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे.

एक बाटली महिनाभर पुरतच नाही. आमचे काय चुकते?

बचतीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग इथे आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. पापणीच्या आतील जागेत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे पहिलाच थेंब डोळ्याला पुरून उरतो. ‘नीट पडला की नाही’ या शंकेने घातलेला दुसरा थेंब गालावरून ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. २.५ मिलीच्या बाटलीत या हिशेबाने ५० ते ८० च्या आसपास थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक घातला तर महिन्याला ६० लागतात. प्रत्येक वेळी एखादा थेंब जरी वाया गेला तरी बाटली पंधरवड्यात संपते, आणि कितीही स्वस्त थेंब घेतले तरी खर्च दुप्पट होतो.

पद्धत अशी ठेवावी. हात धुवावेत. पलंगावर उताणे पडावे किंवा खुर्चीत मान मागे टेकवावी. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की तिथे छोटा खिसा तयार होतो. दुसऱ्या हातातील बाटली उलटी धरून तो हात कपाळावर टेकवावा, म्हणजे बाटली थरथरत नाही. बाटलीचे टोक पापणीला वा पापणीच्या केसांना लागू न देता एकच थेंब त्या खिशात सोडावा. बुबुळावर नेम धरण्याची गरज नाही. मग डोळा अलगद मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. यामुळे औषध नाकावाटे घशात न जाता डोळ्यातच राहते आणि टिमोलॉलसारख्या औषधाचे हृदयावर व श्वासावर होणारे परिणामही कमी होतात. दुसऱ्या प्रकारचे थेंब असतील तर किमान पाच मिनिटे थांबावे. लगेच घातल्यास दुसरे औषध पहिल्याला धुऊन टाकते.

थेंब पडल्याचे कळत नाही अशी तक्रार असेल, आणि बाटलीवर मनाई नसेल, तर ती फ्रिजमध्ये ठेवावी. गार थेंब डोळ्यात पडल्याचे लगेच जाणवते आणि खात्रीसाठी दुसरा घालावा लागत नाही. संधिवातामुळे बाटली दाबताच येत नसेल तर घरातील दुसऱ्या कुणाकडे हे काम कायमचे सोपवावे. पुढच्या तपासणीला बाटली सोबत न्यावी आणि डॉक्टरांसमोर एकदा थेंब घालून दाखवावा. वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्यांच्याही चुका त्या एका मिनिटात लक्षात येतात.

महिना झाला, पण बाटलीत औषध उरले आहे. टाकून द्यावे का?

होय. उघडलेली बाटली साधारणतः महिन्यानंतर, किंवा लेबलवर छापलेल्या दिवसांनंतर, वापरू नये. उघडल्याच्या दिवशी बाटलीवर तारीख लिहून ठेवावी. सतत बरेच औषध उरत असेल तर लहान आकाराची बाटली मिळते का ते पाहावे. आणि थेंब चुकत तर नाहीत ना, हेही तपासावे.

दोन वेगवेगळ्या बाटल्यांऐवजी एकच संयुक्त औषध घेतले तर पैसे वाचतात का?

पुष्कळदा वाचतात. डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल, किंवा ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल, अशा जोड्या एकाच बाटलीत मिळतात. थेंब घालण्याच्या वेळा कमी होतात, मधली पाच मिनिटांची प्रतीक्षा टळते आणि डोळ्यात जाणारे संरक्षक रसायनही (बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून मिसळलेले) कमी होते. काही वेळा मात्र दोन सुटी जेनेरिक औषधे एका संयुक्त ब्रँडपेक्षा स्वस्त पडतात. महिन्याच्या एकूण थेंबांवर हिशेब मांडून डॉक्टरांना विचारावे.

टिमोलॉल सर्वांत स्वस्त आहे. मग सर्वांना तेच का देत नाहीत?

दमा, जुनाट श्वसनविकार, नाडीचा वेग फार कमी असणे किंवा हृदयातील काही प्रकारचे अडथळे असलेल्यांसाठी ते धोकादायक ठरू शकते. डोळ्यात घातलेला थेंब रक्तात उतरतो आणि श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. शेजाऱ्याला स्वस्तात मिळाले म्हणून त्याची बाटली आणू नये. नेत्रतज्ज्ञांना दम्याची आणि हृदयविकाराची माहिती न विचारताही द्यावी.

स्वस्त थेंबांची गुणवत्ता भरवशाची असते का?

डोळ्यांचे थेंब निर्जंतुक असावे लागतात, म्हणून ही शंका रास्त आहे. २०२३ साली चेन्नईजवळील एका कारखान्यातून अमेरिकेत गेलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब परत मागवावे लागले, कारण औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाशी त्यांचा संबंध जोडला गेला आणि काही रुग्णांची दृष्टी गेली. यावरून ‘जेनेरिक म्हणजे वाईट’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दोष निघतात ते कारखान्यातील निर्जंतुकतेत, आणि ब्रँडेड मालही त्याला अपवाद नसतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या नमुन्यांची यादी प्रसिद्ध करते, तीत कंपनी आणि बॅच दोन्ही असतात.

आपल्या हातात असलेले इतकेच: सील तुटलेली बाटली घेऊ नये, द्रव गढूळ दिसल्यास वापरू नये आणि उघड्यावर उन्हात ठेवलेला माल नाकारावा. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या उघडेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, तर काही कंपन्यांच्या साध्या तापमानाला टिकतात. विदर्भातील मे महिन्यात दोन दिवस कुरियरच्या गाडीत पडलेली पहिल्या प्रकारची बाटली ऑनलाइन सवलतीतही महागच पडते. अशी औषधे जवळच्या दुकानाच्या फ्रिजमधून घ्यावीत.

कंपनी बदलल्यावर डोळा चुरचुरतो. काय करावे?

मूळ घटक तोच असला तरी संरक्षक रसायन, आम्लता आणि बाटलीचे टोक वेगळे असू शकते. बेंझाल्कोनियम क्लोराइड या संरक्षकामुळे अनेकांचे डोळे कोरडे पडतात. थोडी चुरचुर काही दिवसांत थांबते. लाली, सूज किंवा खाज वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवावे, मात्र थेंब स्वतःहून बंद करू नयेत. त्रास नसला तरी बदलानंतर चार ते सहा आठवड्यांनी दाब मोजून घ्यावा. त्या एका तपासणीचा खर्च बचतीतून वजा करूनच हिशेब करावा. त्यानंतर दर महिन्याला कंपनी बदलत राहू नये.

घरात मागच्या वेळचे थेंब आहेत. लाल डोळ्यासाठी तेच वापरले तर?

वापरू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल, जसे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, तर डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि काचबिंदूच्या रुग्णाला त्याची जबर किंमत मोजावी लागते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती; अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात आणि प्रतिजैविकांच्या थेंबांचा त्यांवर उपयोग नसतो.

सरकारी रुग्णालयातून थेंब मोफत मिळतात का?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, परंतु तेथील शुल्कही खासगीच्या मानाने फार कमी असते. थेंबांचा साठा मात्र कमी-जास्त होतो, म्हणून औषध वाटपाच्या खिडकीवर पुढील महिन्याची चौकशी आधीच करावी. कर्मचारी राज्य विमा योजनेचे सदस्य आणि केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी यांनी आपापल्या दवाखान्यातून औषध घ्यावे. हक्क असूनही बाहेरून विकत घेणारे बरेच आहेत.

थेंबांऐवजी लेझर करून घेतल्यास दीर्घकाळात स्वस्त पडते का?

काही रुग्णांना पडते. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीलाच ‘सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी’ हा लेझर उपचार घेतलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता. हा उपचार उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे (कोन म्हणजे डोळ्यातील द्रव बाहेर वाहून जाण्याची जागा), त्याचा परिणाम वर्षांनुसार ओसरू शकतो आणि तपासण्या सुरूच ठेवाव्या लागतात. आपल्या डोळ्याचा कोन कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारून घ्यावे.

आई-बाबा सहा महिने परदेशी मुलाकडे जाणार आहेत. थेंबांचे काय?

पूर्ण मुक्कामाच्या सीलबंद बाटल्या आणि मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत न्यावी. भारतीय ब्रँडचे नाव तिथल्या औषधविक्रेत्याला बोध करून देत नाही. घटकाचे नाव सर्वत्र चालते. बाटल्या हातातील बॅगेत ठेवाव्यात, आणि त्या देशात किती महिन्यांची औषधे नेता येतात ते आधी पाहावे.

या खर्चावर आयकरात काही सूट मिळते का?

आरोग्य विमा नसलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकांच्या वैद्यकीय खर्चावर, जुन्या करप्रणालीत, ‘८०डी’ नावाने परिचित असलेल्या तरतुदीखाली वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पालकांचा खर्च मुलाने केला तर ती मुलाला घेता येते. अट अशी की पैसे रोखीने दिलेले नसावेत. म्हणून थेंबांचे पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्यावेत, बिल रुग्णाच्या नावाने घ्यावे आणि ते चिठ्ठीच्या प्रतीसह एका फाइलमध्ये लावावे.